निंबोळी तेल, आठ महिन्यांनंतर: मनीप्लांटवरच्या लाल कोळ्याशी झटापट

आधीच सांगते, पाचपैकी तीन तारे. तेल वाईट नाही. पण बाटलीवर 'सर्व किडींचा नायनाट' असं छापलंय ना, त्यातलं निम्मं काम माझ्या बाथरूममधल्या हँडशॉवरनं केलंय. त्याचं श्रेय तेलाला द्यायला मी तयार नाही.

आमचं घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, हॉलची खिडकी पश्चिमेला. फ्रिजवरच्या कुंडीतून निघालेला मनीप्लांट भिंतीवरच्या हुकांवरून खिडकीपर्यंत गेलेला, साधारण १२ फूट. शेजारी सिंगोनियम, आणि जानेवारीत नर्सरीतून हौसेनं आणलेली आयव्ही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आयव्हीची पानं मळकट दिसायला लागली. समोर बांधकाम चालू आहे, म्हटलं धूळ असेल. पुसली, तरी तशीच. मग मनीप्लांटच्या पानांवर बारीक पिवळट ठिपके आले, कुणी रवा भुरभुरावा तसे. एका सकाळी पाणी फवारलं आणि देठाच्या बेचक्यात थेंब अधांतरी लटकलेले दिसले. तेव्हा कळलं, जाळं आहे.

आणि मी घाई केली. दुकानातून किडीचं औषध म्हणून इमिडाक्लोप्रिड आणलं, दोनदा मारलं. पंधरा दिवसांत जाळी कमी व्हायची सोडून वाढली. माझा मामेभाऊ मावळात गुलाबाच्या पॉलिहाऊसवर काम करतो, त्याला फोटो पाठवला तर लगेच फोनच आला. "अगं ताई, हा लाल कोळी. आमच्याकडचा रोजचा पाहुणा. हा कीटक नाहीच मुळी, आठ पायांचा आहे. माव्यासारख्या किड्यांचं औषध मारून त्याला काय होणार? उलट फोफावतो."

नाव लाल, पण भिंगातून बघितले तर माझ्याकडचे फिकट हिरवट होते, पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक काळसर डाग. नुसत्या डोळ्यांनी खात्री करायची तर पांढरा कागद पानाखाली धरून टिचकी मारायची. पडलेले ठिपके चालायला लागले, की समजायचं धूळ नव्हे.

मग तेल आलं. पहिली बाटली घाण्याच्या निंबोळी तेलाची, ऑनलाइन मागवलेली. लिटरभर पाण्याला ५ मिली. तेल पाण्यात मिसळत नाही हे शाळेत शिकलो तरी पहिल्या दिवशी मी ते थेट बाटलीत ओतून हलवत बसले. वर तवंग, खाली पाणी, आणि नळीतून आधी नुसतं पाणी, शेवटी नुसतं तेल. साबण लागतोच. भांडी घासायचं लिक्विड घातलं तर सिंगोनियमच्या पातळ पानांच्या कडा करपल्या. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "रिठे आहेत की डब्यात." रात्री भिजवलेले रिठे सकाळी उकळून, गाळून, त्या कोमट पाण्यात आधी तेल फेटायचं आणि मग उरलेलं पाणी घालायचं. दुधासारखं पांढरं झालं की जमलं. हे त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी उपयोग नाही. फवारणी सूर्य मावळल्यावरच. पश्चिमेच्या उन्हात तेलकट पान म्हणजे भाजणं.

वासाबद्दल काय लिहू? जुना लसूण आणि करपलेलं शेंगदाण्याचं कूट. संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर फवारू नका. मुलानं तीन दिवस हॉलमध्ये जेवायला नकार दिला.

पण खरी गंमत फवारण्यात नाही, पानाच्या पाठीत आहे. कोळी राहतो पानाखाली, शिरेच्या कडेनं. आपण वरून फवारतो आणि खूश होतो. १२ फुटांच्या वेलाला खालून फवारायचं तर तो उतरवावाच लागतो. एका रविवारी सगळे हुक काढले, वेल गुंडाळून बाथरूममध्ये नेला. कुंडीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली, म्हणजे माती सांडत नाही, आणि हँडशॉवर जोरात सोडून पानं उलटी करकरून धुतली. सासूबाई स्टुलावर बसून जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होत्या. ८६ पानं. त्यांनी मोजली, मी नाही. फडक्यावर तांबूस-हिरवे डाग उमटत होते. आयव्हीचं मात्र काही खरं नव्हतं. पिशवीत बांधून थेट कचऱ्यात. सिंगोनियमला सोपा उपाय: कुंडी उलटी धरून सगळी पानं रिठ्याच्या पाण्याच्या बादलीत दोन मिनिटं बुडवायची.

एवढं केलं आणि मी सुस्तावले. दहा दिवसांनी परत ठिपके! भावाला विचारलं तर म्हणाला, "अंडी राहिली ना." साबणानं, पाण्यानं चालते-फिरते कोळी जातात, अंडी चिकटून राहतात. उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती फुटतात, आणि ३० अंशांच्या आसपास अंड्यापासून मोठा कोळी व्हायला जेमतेम आठवडा लागतो. एक मादी शंभरेक अंडी सहज घालते. म्हणजे दहा दिवसांची सुट्टी दिली तर नवी पिढी अंडी घालून मोकळी. तेव्हापासून दर चौथ्या दिवशी, मोबाईलवर गजर लावून. आधी शॉवर, पानं निथळली की तेल. असे सहा फेरे झाल्यावर कागदावर काही पडेना.

मधल्या काळातला एक मूर्खपणा कबूल करते. वेल उतरवलाच आहे तर छाटूया म्हणून शेंडे कापले, पाण्याच्या बाटल्यांत लावले आणि एक बाटली शेजारच्या काकूंना दिली. झाड दिलं, सोबत कोळीही दिले. काकू अजून हसून बोलतात, पण त्यांच्या होयाच्या वेलाला मी महिनाभर धुतलंय.

दुसरी बाटली भावानं आणून दिली, शेतीसाठीची, अझाडिरॅक्टिन (निंबोळीतलं कीड मारणारं मूळ द्रव्य) १०००० पीपीएम, म्हणजे एक टक्का. ही लिटरला २ मिली पुरते, रिठे लागत नाहीत, पाण्यात आपोआप मिसळते, वासही जरा कमी. घरच्यासाठी मी हीच घेईन. फक्त एवढीशी बाटली मिळत नाही, आणि हातमोजे घालाच. गंधकाची पावडरही त्यानं सुचवली होती. पण तेल फवारलेल्या झाडावर दोन आठवडे गंधक मारायचं नाही, आणि घरात ती धूळ नको म्हणून मी नाद सोडला.

पाणी फवारून हवेतला दमटपणा वाढवा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी तो फवारा पाच मिनिटांत वाळतो. झाडं आठवडाभर बाथरूममध्ये ठेवली त्याचा फायदा जास्त झाला असेल. कारण कोळ्याला हवी असते कोरडी गरमी.

म्हणूनच तीन तारे. जूनच्या मध्यात पाऊस लागला, जुलैभर भिंतींना ओल होती, आणि एकही कोळी दिसला नाही. त्या महिन्यात मी तेल हातात घेतलं नव्हतं. मग यश कुणाचं, सांगा.

ऑक्टोबरचं ऊन तापलं आणि खिडकीजवळच्या तिसऱ्या पानावर पुन्हा रवा. या वेळी एकच पान होतं. तोडून टाकलं, वेल उतरवला, तीन फेऱ्यांत आटोपलं. वेल आता पाच फुटांचाच ठेवलाय, बाथरूमपर्यंत एका हातानं नेता येतो. घाण्याच्या तेलाची पाव बाटली उरलीये, पहाटेच्या गारठ्यानं घट्ट व्हायला लागलीये. वापरायची तर कोमट पाण्यात ठेवावी लागेल. सासूबाईंनी ती देवघराच्या तेलापासून लांब ठेवायला सांगितलीये.