फोनिक्सचे खेळ वर्गात दहा महिने वापरले: सगळं अडलं ते ‘ब’च्या पायापाशी

काल टॅबवर फोनिक्सच्या ॲपची वर्गणी संपत आल्याचा मेसेज आला. (फोनिक्स म्हणजे अक्षराच्या नावाऐवजी त्याचा ध्वनी शिकवून इंग्रजी वाचायला लावणं.) वर्षाचे २,४०० रुपये पुन्हा भरा म्हणे. भरायच्या आधी हे लिहून काढते. मागच्या जुलैत मी घेतलं तेव्हा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत वापरलेल्या कुणाचा अनुभव शोधूनही सापडला नव्हता. जे होते ते शहरातल्या इंग्रजी शाळांचे, नाहीतर घरी एकट्या लेकराला खेळवणाऱ्या आईबापांचे.

आमची शाळा धारूर तालुक्यात, दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, पट २३. टॅब लोकवर्गणीतून आलेला, पण ॲपचे पैसे माझ्या पगारातले आणि ब्लूटूथ स्पीकरही माझाच, १,१०० रुपयांचा. त्यामुळे पै न पै वसूल करायच्या हिशोबानं वापरलंय. फुगे फोडणं, डबे जोडून आगगाडी करणं, चित्राला शब्द लावणं हे सगळ्यांना माहीत आहे, ते सांगत बसत नाही.

अक्षरांचा क्रम मला मनापासून आवडला. ए-बी-सी-डी बाजूला ठेवून आधी एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं येतात आणि तेवढ्यातच सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, पॅन असे शब्द तयार होतात. पंधरा दिवसांत पोरं नवा शब्द स्वतः वाचू लागली. आपल्याकडे २०००पासून पहिलीला इंग्रजी आहे, तरी अजून कितीतरी वर्गांत ‘सी-ए-टी कॅट’ पाठच करून घेतात. सी, ए, टी ही नावं कितीही भरभर म्हणा, त्यातून कॅट निघत नाही. अक्षरं २६ आणि ध्वनी ४४च्या आसपास, त्यामुळे नावं पाठ करून वाचन येणार कुठून?

आता ज्या गोष्टीनं मला वर्षभर छळलं ती. आगगाडीच्या खेळात अक्षराच्या डब्यावर बोट ठेवलं की ॲपमधली बाई ध्वनी म्हणते. एस, एम, एन, एफ ती छान म्हणते, कारण ते लांबवता येतात: स्स्स्, म्म्म्. पण बी दाबलं की ‘बऽ’, टी दाबलं की ‘टऽ’. प्रत्येकाच्या मागे अ चिकटलेला. मग बॅट जोडताना पोरं म्हणतात ‘ब-ॲ-ट’, आणि ते तीन तुकडे तीनच राहतात.

इंग्रजी घरातलं मूल तो अ आपोआप गाळत असेल. आमच्या पोरांचं तसं नाही. त्यांच्यासाठी ‘ब’ म्हणजेच ब् आणि अ, त्याच महिन्यात मी त्यांना तेच शिकवत असते. ॲप म्हणतं ‘प’, पोराला ओळखीचा ‘प’ भेटतो आणि पाटलांच्या नावात ‘पा’ इंग्रजीत पी-ए असा लिहितात ते त्यानं दुकानाच्या बोर्डावर पाहिलेलं असतं. ऑगस्टमध्ये मी टॅप लिहायला सांगितलं तर नऊ पोरांनी टी-ए-पी-ए लिहिलं. त्यातली एक पाटी मी घरी आणली आणि रात्रभर तेच डोक्यात. चूक पोरांची नव्हती. त्यांनी जे ऐकलं ते बरोबर लिहिलं होतं.

गंमत म्हणजे स्वर सोपे गेले. ॲ आणि ऑ २००९च्या शासन निर्णयानं आपल्या वर्णमालेत आले, बाराखडीची चौदाखडी झाली, त्यामुळे ‘कॅ’ आणि ‘कॉ’ पोरांना परके नाहीत. जिथे मला भीती होती तिथे काही झालं नाही. शिप-शीप मात्र अजून जमत नाही, आणि मला त्याची घाई नाही.

कंपनीला तीनदा लिहिलं. पहिल्यांदा उत्तर आलं की ॲप काढून पुन्हा टाका. दुसऱ्यांदा इंटरनेटचा वेग तपासा. तिसऱ्यांदा मी माझ्या आवाजात दोन्ही उच्चार रेकॉर्ड करून पाठवले, त्यावर ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे’. पैसे घेताना दोनदा फोन करणारी माणसं आवाजाबद्दल एकदाही फोन करत नाहीत, याचा मला राग आहे.

म्हणून मी वर्गात हलन्त आणला. एरवी तो इतक्या लवकर येत नाही. फळ्यावर ब काढला, त्याचा पाय मोडला, आणि सांगितलं, इंग्रजी अक्षर पायमोडकं म्हणायचं. ब्-ॲ-ट्. पी, टी, के नुसत्या हवेच्या झटक्यानं निघतात, तळहात तोंडापुढे धरला की हवा लागते. बी, डी, जीला गळा वाजतो, त्यामुळे किंचित अ येतोच, तो जमेल तेवढा आखूड ठेवायचा.

नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले आणि ११ पोरं आईबापांबरोबर फडावर गेली. परत आली मार्चअखेर. ॲपनं त्यांना सोडलं होतं तिथूनच पुढे नेलं, मागे जायची सोयच नाही. नवी खाती काढावी लागली. ऊसतोडीच्या भागात विकायचं असेल तर एवढं तरी हवं.

जानेवारीत एक अपडेट आलं आणि माझं मत थोडं बदललं. पी, टी, के नव्यानं रेकॉर्ड केलेत, अगदी जसे हवेत तसे. माझ्या पत्रामुळे की कसं, ठाऊक नाही, पण केलेत. बी, डी, जी तसेच राहिले.

आणि मग फेब्रुवारीतला तो दिवस. रात्रभर लाईट नव्हती, स्पीकर चार्ज झाला नव्हता. टॅबचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेना, म्हणून तो बंदच केला आणि दुसरीतल्या एका मुलीला पुढे उभं केलं. डब्यावर बोट तिचं, आवाजही तिचा. ब्, ॲ, ट्. सगळ्यांनी जोडलं, एका दमात. डबा जागेवर बसला की गाडी हलायची आणि पोरं ओरडायची. त्या दिवसापासून आगगाडी आवाज बंद ठेवूनच खेळतो. एकदा चुकून आवाज सुरू राहिला तर पहिलीतला एक उठून म्हणाला, “मॅडम, हिनं ब चा पाय नाई मोडला!” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षांच्या पोराच्या कानाला तो उरलेला अ ऐकू आला होता.

सध्या माझा निर्णय असा. वर्षाची वर्गणी भरत नाही. तीन महिन्यांची ७५०ची घेते, जुलै ते सप्टेंबर, कारण दिवाळीनंतर निम्मा वर्ग नसतो आणि रिकाम्या बाकांसाठी पैसे भरायची माझी ऐपत नाही. स्पीकर घेऊ नका, ते १,१०० वाचवा. बी, डी, जी नीट झाले तर पुढल्या वर्षी पूर्ण २,४०० भरीन. तुमच्याकडे नवं अपडेट आलं असेल तर बॅटचा पहिला डबा दाबून ऐका आणि इथे लिहा.