व्हॉईसमीटर बनाना, सात महिन्यांनंतर: कर्रकर्र, सर आणि माझे साडेचारशे रुपये

बनाना म्हणजे विंडोज लॅपटॉपमधले वेगवेगळे आवाज एकत्र करून हवे तिकडे पाठवणारं मिक्सर सॉफ्टवेअर. त्याचा हा रिव्ह्यू मी दोनदा लिहिलाय. पहिला तिसऱ्या आठवड्यात, रात्री साडेअकराला, नुसत्या शिव्या होत्या. तो टाकला नाही हे बरंच झालं, कारण चूक माझी निघाली.

आमचं ऐरोलीत वन बीएचके. पोरगी साडेनऊला झोपते, मग दहा ते अकरा माझा रियाज, हेडफोनवर. बायकोला फक्त तारांची टिकटिक ऐकू येते, ती म्हणते खिळ्याने डबा खरवडल्यासारखं वाटतं. गिटार पेडलमधून इंटरफेसला (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), साथीचा बॅकिंग ट्रॅक यूट्यूबवर, मेट्रोनोम वेगळ्या ॲपमध्ये, आणि मंगळवारी डोंबिवलीच्या सरांचा ऑनलाइन क्लास. सरांना ट्रॅक आणि गिटार दोन्ही एकत्र ऐकू जायला हवं. आधी मी ट्रॅक मोबाईलवर लावून मोबाईल माईकसमोर धरायचो, सर म्हणायचे अरे विहिरीतून वाजवतोयस का. लूपबॅकवाला, म्हणजे लॅपटॉपमधला आवाजही गिटारसोबत पुढे पाठवणारा इंटरफेस घ्यायचा तर परत काही हजार, म्हणून फुकटात काय मिळतंय ते शोधलं. बनाना डोनेशनवेअर आहे, पटलं तर पैसे द्या. इथेच मी विकला गेलो.

आत यायला तीन हार्डवेअर इनपुट (माईक, गिटार वगैरे) आणि दोन व्हर्च्युअल (ॲपमधले आवाज), प्रत्येकाची स्क्रीनवर एक उभी पट्टी. बाहेर जायला ए वन ते ए थ्री, म्हणजे हेडफोन-स्पीकर, आणि बी वन, बी टू, जे दुसऱ्या ॲपला माईक म्हणून दिसतात. माझी गिटार इंटरफेसच्या दुसऱ्या इनपुटला आहे, तर एएसआयओ पॅचमध्ये (इंटरफेसचं कुठलं इनपुट कुठल्या पट्टीला जाणार ते ठरवायची सेटिंग) लेफ्ट आणि राईट दोन्हीकडे २ टाकावं लागतं, नाहीतर एकाच कानात गिटार. मी दोन दिवस हेडफोनची वायर हलवत बसलो होतो.

आता मूळ दुखणं. दर दहा-पंधरा सेकंदांनी कर्रर्र. ट्रॅक चालू असेल तर जास्त, नुसती गिटार असेल तर नाही. आधी वाटलं केबल, वाशीहून साडेचारशेची नवीन आणली, काही फरक नाही. मग वाटलं फ्रिज, तो बंद करून वाजवलं, सकाळी दुधावरून बोलणी खाल्ली. मग इंटरफेस घेऊन सर्व्हिस सेंटरला, ऐरोलीहून ठाणे, तिथून घाटकोपर, पुढे मेट्रोने अंधेरी. ब्रँडचं नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलाने प्लग लावून दोन मिनिटांत सांगितलं, पीस ओके आहे सर, सॉफ्टवेअरचा इश्यू आहे. मी म्हटलं तुमच्याकडे हेडफोन लावून पाच मिनिटं ऐका तरी, तर म्हणे आम्ही सॉफ्टवेअर बघत नाही. अर्धा दिवस रजा टाकली होती, त्या रात्री पहिला रिव्ह्यू लिहिला.

आणि तो मुलगा बरोबर होता राव.

बनानामध्ये ए वनला जे डिव्हाईस लावता त्याच्या घड्याळावर सगळं चालतं. माझा इंटरफेस ४८००० सॅम्पल रेटवर (आवाजाचे सेकंदाला किती तुकडे, तो आकडा), आणि लॅपटॉपच्या साऊंड सेटिंगमध्ये व्हर्च्युअल इनपुट ४४१०० वर बसलेला. म्हणजे ट्रॅकचं प्रत्येक सेकंद ४४१०० तुकड्यांत येतंय आणि बाहेर ४८००० तुकडे द्यायचेत, मधे कुणीतरी सतत हिशोब जुळवत बसणार. माझ्या जुन्या लॅपटॉपला तो हिशोब झेपत नव्हता. सगळीकडे ४८००० केलं, मेनूमधून रीस्टार्ट ऑडिओ इंजिन दाबलं, कर्रकर्र गायब. तीन आठवडे, एक केबल, अर्धी रजा, आणि कारण हे. तेव्हापासून मी लॅपटॉप अपडेट झाला की पहिल्यांदा तो आकडा बघतो, दोनदा तो गुपचूप ४४१०० वर परत गेलेला सापडलाय. सेटिंग फाईल सेव्ह करून ठेवा, पण तिच्यात बनानाच्या आतलं राहतं, हा आकडा बाहेरचा आहे, तो हातानेच बघायचा.

लेटन्सीवरून, म्हणजे वाजवणं आणि ऐकू येणं यातल्या उशिरावरून, लोक उगाच घाबरतात. ४८००० वर ५१२ चा बफर (एका वेळी साठवून पुढे ढकललेले तुकडे) म्हणजे १०.७ मिलिसेकंद, आवाजाला साडेतीन-पावणेचार मीटर यायला लागतात तेवढे. अर्थात जाता-येता मिळून ते वाढतं आणि बोटांना जाणवतं. मी १२८ करून बघितलं, लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा, म्हणजे चटणीच्या मिक्सरसारखा, ओरडायला लागला. शेवटी ५१२ वरच ठेवलं आणि गिटारच्या पट्टीवरचं ए वन बटण बंद केलं. स्वतःची गिटार मी इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून, लॅपटॉपमध्ये न जाता थेट ऐकतो, बी वन चालू असल्यामुळे सरांना ती मिळतेच. ए वन चालू राहिलं तर दोन गिटार ऐकू येतात, एक किंचित मागे, मला आधी वाटलं पेडलवर कोरस (आवाज दुहेरी करणारा इफेक्ट) राहिलाय.

बी वनचा दुसरा घोळ सरांनीच पकडला. बी वन हाच कॉलमधला माझा माईक, त्यात गिटार, ट्रॅक आणि माझा आवाज. कॉलमधून येणारा सरांचा आवाज दुसऱ्या व्हर्च्युअल पट्टीवर, तिथे फक्त ए वन हवं. माझ्याकडून तिथेही बी वन दाबलं गेलं, तर सर एक वाक्य बोलायचे आणि तेच वाक्य परत त्यांच्या कानात. दहा मिनिटं ते माझ्यावर चिडत होते आणि स्वतःचंच चिडणं दुसऱ्यांदा ऐकत होते. आता त्या पट्टीच्या नावात मी देवनागरीत ‘बी वन नको’ लिहून ठेवलंय. कॉलच्या ॲपमधलं नॉईज कमी करणंही बंद करावं लागतं, झूमवर ओरिजिनल साऊंड चालू करायचं, नाहीतर लांबवलेला सूर मधेच गिळला जातो.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित आवडली. वरच्या कोपऱ्यात कॅसेटचं चित्र आहे, खरंच रेकॉर्ड होतं. बी वन निवडून बटण दाबलं की ट्रॅकसकट वाजवलेलं सगळं फाईलमध्ये. पहिलं रेकॉर्डिंग ऐकून कळलं की मी बेंड करताना (तार ओढून सूर चढवताना) दरवेळी पाव सूर खाली राहतो, सर हे वर्षभर सांगत होते.

चार्जर लावला की येणारी घुंईं अजून आहे, ती चार्जरची, बनानाची नाही, तेव्हा बॅटरीवरच वाजवतो आणि चाळीस मिनिटांनी रियाज आपोआप संपतो. पैसे अजून दिलेले नाहीत. केबलएवढे तरी द्यावेत असं ठरवलंय, पगाराला नऊ दिवस आहेत.