बंद घरातला मोडेम लांबून चालू-बंद करणे: वायफाय प्लग ते सिमवाला स्विच, गणपतीपासूनचा अनुभव

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो. जे नेट अडकलंय, त्याच नेटवर चालणारा स्विच ते नेट सोडवायला उपयोगाचा नाही. ऐकायला सरळ वाटतं, पण बाजारात याच कामासाठी म्हणून जे सर्रास खपवलं जातं ते नेमकं तसलंच असतं.

आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, नोकरी पुण्यात. आई-बाबा बहिणीकडे गेले की घर कुलूपबंद. दारात आणि मागच्या बोळात कॅमेरे आहेत, ते फायबरच्या नेटवर चालतात. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकायला लागली की आमच्या घरात सगळ्यांचे डोळे त्या मागच्या कॅमेऱ्यावर. ४३ फूट म्हणजे धोका पातळी, आणि २०१९ नि २०२१ बघितलेल्या माणसाला तो आकडा समजावून सांगावा लागत नाही. अशा वेळी कॅमेरा ऑफलाईन दिसला की जीव वर-खाली होतो. बहुतेक वेळा पूर नसतो, चोर नसतो, काही नसतं. लाईट दोन-तीनदा फडफडलेली असते आणि मोडेम अर्धवट उठून बसलेला असतो. पॉनचा (फायबर जोडलेलं असल्याचा) दिवा हिरवा, इंटरनेटचा दिवा विझलेला. डबा बंद करून चालू केला की पाच मिनिटांत सगळं जागच्या जागी.

पूर्वी हे काम शेजारच्या काकूंकडे होतं, किल्ली त्यांच्याकडे असते म्हणून. "व्हय रे, कुठलं बटण म्हणालास? हितं सगळंच लुकलुकालंय." बिचाऱ्या फोन कानाला लावून स्टुलावर चढायच्या. त्यात माझी एकच भीती, त्यांनी टाचणीचं बारीक भोक दाबू नये. त्यानं डबा कारखान्यातून आल्यासारखा कोरा होतो, नेट जोडायला लागणारं पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड उडतं, आणि मग माणूसच पाठवावा लागतो.

सुरुवात वायफाय स्मार्ट प्लगनं केली. हजाराच्या आत येतो. नाव कुठलंही असलं तरी आत बहुतेकदा तुया नाहीतर तसल्याच एखाद्या कंपनीची यंत्रणा असते, त्यामुळे ब्रँडवरून भांडण्यात अर्थ नाही. वापरायला गुळगुळीत. फक्त वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं लागतं. पंखा, दिवा, गिझरसाठी उत्तम (गिझरला १६ अँपिअरचाच घ्या). मोडेमसाठी मात्र गोम अशी की पुण्यातून 'बंद' दाबलं तर तो हुकूम जायचा कुठून? नेट तर गेलेलंच. आणि समजा नेट रडतखडत चालू असताना हुकूम पोचला आणि मोडेम बंद झाला, तर 'चालू'चा हुकूम आता कोण पोचवणार? प्लगचं वायफायच त्या मोडेममधून येतं! यावर तोड म्हणजे उलटमोजणी: 'बंद हो आणि एका मिनिटानं चालू हो'. ती मोजणी प्लगच्या चिपमध्येच चालत असेल तर नेट लागत नाही. पण म्हणजे नेट मंद असतानाच उपयोग, मेलं असताना नाही.

मग वाटलं, रोज पहाटे आपोआप रिस्टार्ट लावून टाकू. बऱ्याच राउटरांत ती सोय असते, पैसा लागत नाही, आणि तुमचा डबा नुसता सुस्तावत असेल तर पहिल्यांदा हेच करा. माझ्याकडे ते ऐन वेळी तोंडावर पडायचं. राउटरच्या आत घड्याळाला बॅटरी नसते, तो वेळ नेटवरून घेतो. लाईट जाऊन आली आणि नेट लागलंच नाही, तर त्याच्या लेखी साल १९७० असतं, नाहीतर कंपनीनं भरलेली कुठली तरी जुनी तारीख. पहाटेचे चार कधी वाजतात ते त्याला कळणार कसं? दुकानात मिळणारा पिनांचा गोल टायमर लावला तर तोही लाईट गेली की थांबतो आणि तेवढा मागं पडतो.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरून शिरावं, तर आपल्याकडच्या कित्येक फायबर कंपन्या एकच सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक गिऱ्हाइकांत वाटून देतात. बाहेरून दारच नसतं. असलं तरी ते उघडं ठेवू नये.

एक फुकटातली वाट मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पॉनचा दिवा हिरवा असेल, म्हणजे फायबर शाबूत असेल, तर नेट देणारा त्याच्याकडच्या ओएलटीवरून (कंपनीकडचं फायबरचं मुख्य यंत्र) तुमचा डबा, म्हणजे त्यांच्या भाषेत ओएनटी, रिस्टार्ट करू शकतो. आमच्याकडचा फोनवरचा मुलगा आधी "सर, घरी आहात का? बटण बंद करून चालू करा" एवढंच घोकायचा. "ओएलटीवरून ओएनटी रीबूट करा" असं नेमकं सांगितल्यावर खटपट न करता झालं. अडचण एवढीच, रात्री नऊनंतर तिथं फोन उचलत नाहीत.

खरा तोडगा निघाला रानातून. मावसभावाचा हातकणंगल्याकडं ऊस आहे. त्याला हे सगळं रामायण सांगितलं तर तो हसायलाच लागला. "पुण्यात राहून डोकं चालंना व्हय तुझं? रातची लाईट आली की मी हंतरुणातनं मोटर चालू करतोय." मोबाईल स्टार्टर! सिमकार्ड घातलेला डबा, फोन केला की मोटर चालू. आपल्या भागात कित्येक विहिरींवर हे असतं. मला थ्री फेजचं काही नको होतं, म्हणून शाहूपुरीतल्याच एका पंपाच्या दुकानातून त्यातलाच धाकटा भाऊ आणला: एका रिलेचा (हुकमावर तार जोडणारं-तोडणारं बटण) जीएसएम स्विच, म्हणजे सिमवर चालणारा, फाटक उघडायला वापरतात तो. अडीच हजारांच्या आसपास पडला. गणपतीत बसवला, आजतागायत तोच आहे.

बसवण्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या, आणि दोन्ही दुकानदार सांगत नाही.

पहिली, मिनी यूपीएस. मोडेमला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस असेल (आता बऱ्याच घरांत असतो), तर भिंतीच्या सॉकेटला कसलाही प्लग लावून फायदा नाही. तुम्ही सॉकेट बंद करणार आणि यूपीएस इमानेइतबारे मोडेम जिवंत ठेवणार, त्याचं कामच ते. तोडायची ती यूपीएस आणि मोडेम यांच्यामधली १२ व्होल्टची तार. म्हणून मी यूपीएसमधून वाय केबल काढली. एक फाटा थेट जीएसएम स्विचला, दुसऱ्याची लाल तार रिलेतून मोडेमला. काळी तशीच सरळ. मोडेम १ अँपिअरचा, यूपीएस २ अँपिअरचा, त्यामुळे दोघांचं भागतं. २३० व्होल्टशी संबंधच येत नाही, हा वरचा फायदा. तुमच्या मोडेमवर ९ व्होल्ट लिहिलं असेल तर हे जसंच्या तसं करू नका.

दुसरी गोष्ट रिलेच्या पट्टीवरची. तिथं तीन स्क्रू असतात: कॉमन, एनओ (एरवी तुटलेला) आणि एनसी (एरवी जोडलेला). मोटर, फाटकवाले एनओ वापरतात, म्हणजे हुकूम आला की जोडणी. आपल्याला उलटं पाहिजे. कॉमन आणि एनसीला तार लावली की एरवी मोडेम चालूच राहतो, आणि फोन आला की रिले दहा सेकंद खेचला जाऊन सप्लाय तोडतो नि आपोआप सोडतो. स्विच बिघडला, सिमचं रिचार्ज संपलं, तरी मोडेम सहसा बंद पडून राहत नाही. या एका स्क्रूवर सगळी मदार आहे.

वापर असा: पुण्यातून त्या नंबरला रिंग द्यायची. स्विच नंबर ओळखतो, कॉल कापतो, आत 'टक' होतं. कॉल उचललाच जात नाही, त्यामुळे पैसे नाहीत. परवानगीच्या यादीत फक्त माझा, बाबांचा आणि बहिणीचा नंबर. ही यादी भरणं बंधनकारक समजा, आणि आलेला पासवर्डही बदला. नाहीतर कर्ज हवंय का विचारणाऱ्या प्रत्येक फोनसरशी घरचं नेट रिस्टार्ट होईल.

मला न मागता मिळालेला फायदा म्हणजे निदान. रिंग गेली म्हणजे यूपीएसमध्ये जीव आहे. 'स्विच ऑफ' ऐकू आलं तर लाईट बराच वेळ गेलेली आहे, गप्प बसायचं. रिंग गेली, रिस्टार्ट झालं आणि दहा मिनिटांनीही एकही कॅमेरा आला नाही, तर बहुतेक फायबर तुटलंय. तिथं लॉसचा (फायबरचा सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागलेला असणार, शंभरदा रिस्टार्ट करून फरक पडत नाही, सरळ तक्रार नोंदवायची. दिवाळीच्या आधी एका वादळी पावसात फांदी पडून वायर तुटली होती, तेव्हा काकूंना न उठवता हे पुण्यातच कळलं.

याच कारणासाठी मी आपोआप पिंग करून (नेट चालू आहे का ते तपासून) रिस्टार्ट करणारा डबा घेतला नाही. गुगलच्या ८.८.८.८ या पत्त्याकडून उत्तर आलं नाही की तो सप्लाय तोडतो. कल्पना चांगली, ऑफिसला जास्त चांगली. पण फायबर दोन दिवस तुटलं तर तो दोन दिवस मोडेमला उठाबशा काढायला लावणार. घ्यायचाच असेल तर सलग किती वेळा रिस्टार्ट करायचं याला मर्यादा घालता येणारा बघा, आणि दोन प्रयत्नांत निदान दहा मिनिटं सोडा, कारण फायबरचा डबा पूर्ण उठायलाच तीन-चार मिनिटं घेतो.

आता रडगाणं. माझा स्विच टूजी आहे. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, त्यामुळे ते सिम यात चालत नाही, दुसऱ्या कंपनीचं घ्यावं लागतं. नव्यानं घेणाऱ्यानं हजारभर जास्त मोजून फोरजीवालाच घ्यावा, टूजी किती दिवस राहील याचा भरवसा नाही. दुसरं म्हणजे सिम जिवंत ठेवण्याचा खर्च, वर्षाचा हिशोब केला तर स्विचपेक्षा हाच टोचतो. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायनं (दूरसंचार नियामक) नियम बदलून डेटाशिवायचे, फक्त कॉल-एसएमएसचे पॅक ठेवायला लावले, त्यातलाच मी टाकतो. अँटेना लोखंडी कपाटामागं ठेवली तर रेंज जाते, ती खिडकीजवळ चिकटवली. आणि मिनी यूपीएसची बॅटरी या उन्हाळ्यात तासाभरातच मान टाकायला लागलीय, ती बदलायची आहे. स्विचबद्दल मात्र तक्रार नाही.

कॅमेऱ्यांपैकी एक मोडेम उठल्यावर परत जोडला जात नाही, त्याचाही अ‍ॅडॉप्टर याच रिलेवर घ्यावा का, ते मे महिन्यात घरी गेल्यावर बघेन. कुणी केलं असेल तर रिलेवर लोड किती टाकलाय ते सांगा.