दाखवलेली गोष्ट की शोधलेली? गेम निवडण्याआधी

गोष्टीसाठी गेम खेळायचा आहे आणि सध्या एकालाच वेळ देता येणार आहे, तर ग्राफिक्स आणि तासांचा हिशेब बाजूला ठेवा. गोष्ट तुमच्यापर्यंत कशी पोचते ते आधी पाहा. एकीकडे ‘द लास्ट ऑफ अस’च्या (२०१३) वळणाचे गेम आहेत: कटसीन (खेळ थांबवून दाखवलेले चित्रपटासारखे प्रसंग), कसदार अभिनय, बांधलेली पटकथा. दुसरीकडे ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८) किंवा ‘आउटर वाइल्ड्स’ (२०१९): घडून गेलेलं कुणी उलगडून सांगत नाही, मागे राहिलेल्या खुणांवरून तुम्हीच जुळवायचं. मी दोन्ही मनापासून खेळतो. पण निवडायची वेळ आली की हल्ली हात दुसऱ्याकडे जातो.

माणसं उभी करण्यात पहिला प्रकार पुढे आहे, यात वाद नाही. ‘द लास्ट ऑफ अस’मधल्या जोएल आणि एली या मुख्य पात्रांमधला जिव्हाळा ट्रॉय बेकर आणि अ‍ॅशली जॉन्सन यांच्या नुसत्या आवाजातूनही पोचतो. त्या गेममधला माझा सगळ्यात लाडका प्रसंग जिराफांचा. ओस पडलेल्या शहरात ते दिसतात आणि तुम्ही हवा तितका वेळ बघत उभे राहू शकता. निघायचं कधी, ते तुम्ही ठरवता. प्रसंग मनात राहिला तो त्यामुळेच, असं मला वाटतं.

कारण या प्रकारात मला नेमकं उलट खटकतं. अशाच एका गाजलेल्या गेममध्ये एका इमारतीत शिरायचं होतं. गच्चीवर दबा धरून बसलेला माणूस मला दिसला. मी मागून चढलो, त्याला गाठलं, एकेक खोली तपासली आणि मगच शेवटच्या दाराला हात लावला. कटसीन सुरू झाला. माझा नायक बंदूक खाली करून निवांत आत गेला आणि मागून त्याच्या डोक्यात तडाखा बसला. मारणारा आला तो मी नुकत्याच रिकाम्या पाहिलेल्या खोलीतून. पुढचा भाग मी खेळलो, पण त्या नायकाची काळजी वाटेनाशी झाली. सावध राहिलेला माणूस मी होतो, पकडला गेलेला दुसराच कुणीतरी. लेखकाला नायक कैदेत हवा होता, एवढंच त्यामागचं कारण. त्यानंतर मी लढाईत हरवलेला शत्रू कटसीनमध्ये जिंकून जातो, तेव्हा दर वेळी तोच प्रसंग आठवतो.

गेम डिझायनर क्लिंट होकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या गेमवर लिहिताना खेळ एक सांगतो आणि कथा दुसरंच, या विसंगतीवर बोट ठेवलं होतं. माझी तक्रार त्याहून साधी आहे: मी पाहिलेलं माझ्या पात्राला माहीत असावं. हे अशक्य नाही. ‘हाफ-लाइफ’ने १९९८ मध्येच जवळजवळ सगळी कथा नायक गॉर्डन फ्रीमनच्या डोळ्यांसमोर, खेळ चालू असतानाच घडवून दाखवली.

‘ओब्रा डिन’मध्ये हा प्रश्नच उरत नाही. १८०७ साल, ओसाड परत आलेलं जहाज, ६० जणांची यादी आणि मृत्यूचा क्षण गोठवून दाखवणारं एक घड्याळ. कोण कोणता, हे झोपायच्या झोळीवरच्या क्रमांकावरून, बोलण्याच्या ढबीवरून, पायातल्या बुटांवरून ओळखायचं. तीन जणांचं अचूक जुळलं की मगच गेम दुजोरा देतो, त्यामुळे अंदाजपंचे फार पुढे जाता येत नाही. ‘हा तोच!’ असं लक्षात येतं तेव्हा कथा तिथेच, तुमच्या डोक्यात घडते. अंतराळात भटकायच्या ‘आउटर वाइल्ड्स’मध्ये तर दर २२ मिनिटांनी सगळं पूर्ववत होतं. यान तेच, शक्ती तीच. वाढतं ते फक्त तुम्हाला काय माहीत आहे, ते.

याची किंमत आहे. या गेममधली मुख्य गोष्ट बहुधा तुम्ही पोचण्याआधीच संपलेली असते, त्यामुळे कुणाशी नातं जुळण्याला मर्यादा येते. अडकलात की संध्याकाळ वाया गेल्यासारखी वाटू शकते. आणि एकदा उलगडलं की तोच गेम पुन्हा पहिल्यासारखा खेळता येत नाही. दमून आल्यावर फक्त गोष्टीत वाहून जायचं असेल, किंवा शेजारी बसून कुणी बघणार असेल, तर पहिलाच प्रकार घ्या. तुम्हाला कदाचित कटसीनमधली ती फारकत जाणवणारही नाही. अनेकांना जाणवत नाही.

मला विचाराल तर ‘ओब्रा डिन’पासून सुरुवात करा, तो दोघांतला लहान आहे. ‘आउटर वाइल्ड्स’मधलं अंतराळातलं तरंगणं काहींना गरगरवतं, तेवढं लक्षात घ्या. मध्ये खंड पडला तरी बिघडत नाही, कळलेले धागे यानातली नोंदवही जोडून ठेवते. अडलात तर त्या नोंदवहीत अपुरं राहिलेलं ठिकाण शोधून तिकडे जा. यूट्यूबवर उत्तर बघू नका, या गेममध्ये ते उत्तर म्हणजेच कथा आहे.