सहज, लीलया की सफाईने? सुलभता आणि कौशल्य सांगणाऱ्या क्रियाविशेषणांची तुलना

एका कथेचे संपादन करताना ‘डॉक्टरांनी सहज टाके घातले’ हे वाक्य माझ्यासमोर आले. डॉक्टरांचा हात इतका तयार होता की त्यांना टाके घालताना जराही कष्ट पडले नाहीत, असे लेखिकेला म्हणायचे होते; वाक्यातून मात्र गरज नसताना जाता जाता चार टाके घालून टाकले, असा अर्थ निघत होता. ‘सहज’ या शब्दाला ‘विनासायास’ आणि ‘विशेष हेतू न ठेवता’ असे दोन अर्थ आहेत, आणि ‘सहज आलो होतो’, ‘सहज विचारले’ अशा रोजच्या बोलण्यामुळे दुसरा अर्थ वाचकाच्या मनात आधी उभा राहतो. त्या वाक्यासाठी पर्याय शोधताना जे शब्द आम्ही ताडून पाहिले, त्यांचीच ही तुलना आहे.

निवड करण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते: आपल्याला काम सोपे गेले हे सांगायचे आहे, की करणारा तरबेज होता हे? ‘दार सहज उघडले’ या वाक्यात कोणी कर्ता नसला तरी चालते, कारण बिजागऱ्या नीट असल्या की दार सहज उघडतेच. ‘दार शिताफीने उघडले’ असे म्हणताच मात्र कोणी उघडले, हा प्रश्न वाचकाला पडतो. पहिल्या शब्दाचे लक्ष कामाला लागलेल्या श्रमाकडे असते, तर दुसऱ्याचे करणाऱ्याच्या हाताकडे आणि डोक्याकडे.

‘सहज’ची भावंडे दिसायला सारखी असली तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘ती अनोळखी लोकांत सहजपणे बोलते’ यात संकोच नसणे आहे, श्रम वाचणे नाही. ‘सहजासहजी’ हा शब्द तर जवळजवळ नकारातच शोभतो: ‘अशी संधी सहजासहजी मिळत नाही.’ होकारी वाक्यात तो घातला की कानाला खटकतो. ‘अनायासे’ मध्ये आयास नाहीत, पण कौशल्यही नाही. अनायासे मिळालेली गोष्ट नशिबाने किंवा योगायोगाने मिळालेली असते, त्यामुळे कोणाच्या कसबाचे कौतुक करताना हा शब्द वापरल्यास कौतुकच नाहीसे होते. ‘सहज’च ठेवायचा असेल, तर त्याला क्रियापदाला चिकटून ठेवावे. ‘त्याने गाठ सहज सोडवली’ हे स्पष्ट आहे, पण ‘सहज त्याने गाठ सोडवली’ म्हटले की पुन्हा तो हेतू नसल्याचा अर्थ डोकावतो. टाक्यांच्या वाक्यात मात्र शब्द क्रियापदाजवळ आणूनही संदिग्धता गेली नसती, कारण सुई हातात घेऊन बसलेल्या माणसाला काही हेतू नसावा, ही कल्पनाच वाचकाला दचकवते.

‘लीलया’ हा माझ्या आवडीचा शब्द आहे आणि म्हणूनच तो जपून वापरावा असे मला वाटते. लीला म्हणजे खेळ. ‘लीलया’ हे त्या शब्दाचे संस्कृतातील तृतीयेचे रूप, म्हणजे ‘खेळाने, खेळता खेळता’. ‘ने’चा अर्थ त्यात आधीच असल्यामुळे ‘लीलयेने’ किंवा ‘लीलयापणे’ लिहिणे म्हणजे प्रत्ययावर प्रत्यय चढवणे होय. (‘सहजगत्या’ आणि ‘योग्य रीत्या’ यांतील ‘गत्या’ व ‘रीत्या’ ही रूपेही तशीच तृतीयेची आहेत.) या शब्दाला समोर काहीतरी अवजड लागते. शिवधनुष्य लीलया पेलता येते. पेन्सिल लीलया उचलली म्हटले की थट्टा केल्यासारखे वाटते.

खरी घासाघीस ‘सफाईने’, ‘शिताफीने’ आणि ‘बेमालूमपणे’ या तिघांत होते, कारण तिघांतही कसब आहे आणि तिघांवरही लबाडीची सावली पडू शकते. ‘शिताफी’च्या मुळाशी फारसीतील ‘शिताब’ म्हणजे त्वरा आहे, आणि मराठीत त्या त्वरेला चतुराई येऊन मिळाली. म्हणून या शब्दाला प्रतिस्पर्धी हवा असतो: कोणाला तरी चुकवून, कोणाच्या तरी आधी केलेली गोष्ट शिताफीने केलेली असते. पोलीस आरोपीला शिताफीने पकडतात आणि आरोपीही शिताफीने निसटतो. ‘बेमालूम’ म्हणजे कळून न येणारे. चांगला रफू बेमालूम असतो, कारण जिथे कापड फाटले होते ती जागा बोट फिरवूनही सापडत नाही. नक्कलही बेमालूम असते. येथे कौशल्याचे माप एकच, ते दिसता कामा नये. ‘सफाई’चे उलट आहे. ती दिसते, किंबहुना पाहणाऱ्यालाच दिसते: हालचाल अडखळत नाही, काम मागे पसारा ठेवत नाही. अर्थात सफाईने खोटेही बोलता येते, तेव्हा आजूबाजूची वाक्ये शब्दाला कोणत्या बाजूला ओढतात याकडे लक्ष ठेवावे.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. ‘चुटकीसरशी’ वेळ सांगतो, दर्जा नाही. ‘सराईतपणे’ सवय सांगतो, पण ‘सराईत गुन्हेगार’ या जोडीमुळे तो सज्जनांसाठी जरा अवघडलेला असतो. ‘कुशलतेने’ अहवालात ठीक आहे; गोष्टीत तो काहीच दाखवत नाही. ‘अलगद’ स्पर्शाचा हलकेपणा सांगतो, आणि ‘निगुतीने’ मध्ये कौशल्याबरोबर काळजी आणि सावकाशपणा आहे, म्हणून ज्याला घाई आहे त्याला तो देता येत नाही.

डॉक्टरांच्या वाक्यात ‘लीलया’ने जखम क्षुल्लक ठरत होती आणि ‘शिताफीने’ म्हटले तर कोणाला चुकवायचे होते, हे कथेत कुठेच नव्हते. ‘निगुतीने’वर लेखिकेचे मन बसले होते, पण प्रसंग अपघाताचा होता आणि रुग्ण तळमळत होता. शेवटी ‘डॉक्टरांनी सफाईने टाके घातले’ असे वाक्य छापायला गेले, आणि पुढच्या ओळीत रुग्णाने ‘झाले?’ असे विचारले असल्यामुळे त्याला आणखी काही जोडावे लागले नाही.