इन अवर टाइम : पाऊण तास, तीन प्राध्यापक आणि शून्य ढोल-ताशे

झोपायच्या आधी किंवा भाजी निवडता निवडता ऐकायला इतिहास, विज्ञान, निसर्ग असलं काहीतरी शांत सुचव ना, असं कोणी म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं, बीबीसी रेडिओ ४ चं 'इन अवर टाइम'. इंग्लिशमधे आहे, उच्चार अस्सल ब्रिटिश आहेत आणि पहिली पाच मिनिटं हे काय लावलंय असं होऊ शकतं, हे आधीच सांगून ठेवते. पण एकदा कानाला सवय झाली की बाकीचं बरंचसं नुसता कलकलाट वाटायला लागतं.

प्रकार अगदी साधा. एक सूत्रधार, तीन प्राध्यापक, एक विषय, पाऊण तास. ना सिग्नेचर ट्यून ना मागे म्युझिक. मेल्विन ब्रॅग, २०२५ पर्यंतचे सूत्रधार, हॅलो म्हणायचे, थोडक्यात विषय सांगायचे आणि थेट पहिला प्रश्न. आपल्याकडे हल्ली इतिहासाचा व्हिडिओ लावावा तर आधी तलवारींचा खणखणाट, मग भरदार आवाजात "मित्रांनो", आणि मुद्दा यायच्या आत सबस्क्राइब करा. अहो मला गडाला पाणी कुठून यायचं एवढंच हवंय, त्यासाठी अंगावर काटा कशाला आणताय. इथे ज्यांनी अर्धं आयुष्य एका विषयात घातलंय ती माणसं बोलतात, एकमेकांचं खोडतात तेही हसून, आणि जिथे पुरावा नाही तिथे पुरावा नाही असं सरळ सांगून मोकळी होतात. ऐकताना डोकं शांत राहतं ते मला वाटतं या शेवटच्या गोष्टीमुळे. कोणीच काही विकत नसतं ना.

कार्यक्रम ऑक्टोबर १९९८ ला सुरू झाला आणि त्याची जन्मकथा पण मजेशीर आहे. ब्रॅग त्या वर्षी लेबर पक्षाकडून हाउस ऑफ लॉर्ड्समधे, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात गेले म्हणून त्यांचा सोमवारचा कार्यक्रम हातातून गेला आणि बदल्यात मिळाला गुरुवारी सकाळी ९ चा स्लॉट, ज्याला तिथले लोक डेथ स्लॉट म्हणायचे, म्हणजे तिथे काही लावा कोणी ऐकत नाही. ब्रॅगनी सहा महिन्यांसाठी घेतलं आणि ते चालवलं थेट २०२५ पर्यंत, हजारावर एपिसोड झाले. सम्राट अशोक, अठराव्या शतकात लंडनला लागलेलं जिन या दारूचं वेड, पक्ष्यांचं स्थलांतर, प्रकाशसंश्लेषण, सौरवारा... कशाचा कशाला मेळ नाही आणि तेच मला आवडतं, आज काय ऐकायचं हे मूडवर ठरवायचं.

माझा सगळ्यात लाडका एपिसोड इकोलोकेशनचा, म्हणजे स्वतः काढलेल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधण्याचा. वटवाघूळ आवाजावर उडतं हे शाळेत एका ओळीत शिकलो आपण, पण हे कळायला किती काळ गेला ते बघा. इटलीत पाव्हियाला स्पालान्झानी नावाचे शास्त्रज्ञ होते, १७९३ मधे त्यांच्या लक्षात आलं की मेणबत्ती विझून पूर्ण अंधार झाला की घुबड धडपडतं पण वटवाघूळ मजेत उडत राहतं. मग त्यांनी वटवाघळांना आंधळं केलं (हे ऐकवत नाही, मी तिथे भांडी घासायचा जोर वाढवते) आणि सोडून दिलं, पुन्हा पकडून बघितलं तर त्यांची पोटं किड्यांनी गच्च भरलेली! म्हणजे डोळ्यांचा संबंधच नाही. जिनिव्हाच्या जूरीन नावाच्या शास्त्रज्ञांनी वटवाघळांचे कान बंद केले तर ती धडाधड आपटायला लागली. उत्तर हातात होतं की हो. पण आवाज तर कोणालाच ऐकू येत नव्हता, त्यामुळे क्यूव्हिये या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञासारख्या मोठा दबदबा असलेल्या माणसाने सांगून टाकलं की हे स्पर्शाने होतं आणि पुढची शंभरावर वर्षं लोक तेच धरून बसले. १९३८ ला हार्वर्डमधला ग्रिफिन नावाचा विद्यार्थी पिंजरा घेऊन पीअर्स नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाकडे गेला, कारण माणसाला ऐकू न येणारे उंच आवाज पकडणारं यंत्र त्यांच्याकडे होतं. यंत्रासमोर वटवाघूळ धरलं आणि इतकी वर्षं मुका समजलेला प्राणी बडबड्या निघाला. ही गोष्ट कळल्यापासून संध्याकाळी वडाच्या झाडाकडे बघायची माझी नजरच बदललीये.

भारतातले विषय पण बऱ्यापैकी आहेत, भगवद्गीता, उपनिषदं, टागोर, भारतीय गणित, शून्य. आता यात एक खोट आहे, बोलणारे बहुतेक ब्रिटनमधल्या विद्यापीठांतले असतात, त्यामुळे गीतेवरचा एपिसोड लहानपणापासून पंधरावा अध्याय म्हणत आलेल्या माणसाला जरा बाहेरून खिडकीत डोकावल्यासारखा वाटतो. चूक काही नाही, पण आपली ज्ञानेश्वरीची ओढ त्यांना कुठून असणार. शून्याचा मात्र ऐकाच. त्यावरून मी वाचत गेले तेव्हा कळलं की ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधे शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम लिहिले, आणि शून्याला शून्याने भागलं तर शून्यच असंही लिहून गेला, जे आज चालत नाही. आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे त्यात शून्य चक्क छोटा गोल काढून लिहिलंय, कशासाठी तर २७० हात लांबीची फुलबाग आणि देवाला रोज ५० माळा, याचा हिशोब! एवढा मोठा शोध आणि नोंद हार-फुलांच्या खर्चात, किती आपल्याकडचं आहे हे.

आता कुरबुरी. ब्रॅग त्यांच्या एपिसोडांत मधेच तोडतात. प्राध्यापक रंगात आले की "ते ठीक, पण आधी काय झालं ते सांगा" छापाचं काहीतरी येतंच, आणि पाहुणा तीन मुद्दे म्हणाला असेल तर दुसऱ्यालाच गाडी पुढे. कधीकधी वाटतं बोलू द्या हो त्यांना. पण त्यामुळेच पाऊण तासात विषय कडेला लागतो हेही खरं, आणि मला हे कळलं नाही असं बिनदिक्कत म्हणणारा सूत्रधार मिळतो कुठे. गणिताचे एपिसोड मला झेपत नाहीत, फळा नसताना समीकरण नुसतं कानाने कसं समजायचं. तत्त्वज्ञानाचे रात्री लावू नका, झोप तरी लागत नाही नाहीतर एकदम लागते. अगदी सुरुवातीचे एपिसोड अर्ध्या तासाचे आहेत, त्यात घडी बसलेली नाही, ते नंतर.

पॉडकास्टला शेवटी एक छोटा जादा भाग असतो तो बंद करू नका. मुख्य कार्यक्रम संपलेला असतो, काय राहून गेलं असं विचारलं जातं आणि मग हीच मंडळी एकदम मोकळी सुटतात. कित्येकदा सगळ्यात भारी माहिती इथेच मिळते. आणि मग प्रोड्यूसर येऊन विचारतात चहा घेणार की कॉफी, तेही रेकॉर्ड होतं! मला तर आता कोण चहा म्हणेल याचा अंदाज यायला लागलाय.

बीबीसीचं साऊंड्स अ‍ॅप २०२५ मधे ब्रिटनबाहेरच्या लोकांसाठी बंद झालं, पण नेहमीच्या पॉडकास्ट अ‍ॅप्सवर हे फुकट मिळतं. फक्त ब्रिटनबाहेर जाहिराती येतात, आणि पाऊण तासाच्या शांततेत मधेच ती जाहिरात फार कर्कश वाटते. वेबसाईटवर प्रत्येक एपिसोडखाली पुढे काय वाचायचं त्याची यादी पण असते. स्पीड १.५ वर ठेवू नका, उच्चार आधीच नवीन, त्यात घाई केली तर काही पल्ले पडणार नाही. इकोलोकेशन, पक्ष्यांचं स्थलांतर, मग शून्य असं ऐका, त्यातही मन रमलं नाही तर सोडून द्या, हे तुमच्यासाठी नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क त्या जाहिरातींचा कापलाय.