जुन्या फोर-बाय-फोरचे गंजलेले कमानपाटे बदलले, त्याला अकरा महिने झाले

गाडी २२ वर्षांची, पुढे-मागे कमानपाट्यांवरची, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंगवरची. काम केल्यापासून ती १३ हजार किलोमीटर चालली, त्यातले निम्मे कच्च्या वाटांवर, आणि मध्ये एक अख्खा पावसाळा गेला. एवढे दिवस मुद्दाम थांबलो. नवे पाटे टाकल्यावर पहिल्या आठवड्यात कुठलीही गाडी छानच वाटते.

आधी गाडी डावीकडे बसली होती. सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं, तर दोन बाजूंत ३२ मिलिमीटरचा फरक. खाली शिरलो तेव्हा पाट्यांच्या फटींतून तपकिरी पापुद्रे सुटत होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. दोन पाट्यांच्या मध्ये तो धरला की पाचर ठोकल्यासारखा त्यांना फाकवतो, पाटे एकमेकांवर सरकेनासे होतात आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीत बसतो. मागच्या डाव्या बाजूचा दुसरा पाटा तर टोकाशी तडकलेला निघाला. तडा गंजाखाली पूर्ण लपला होता, वायर ब्रश मारल्यावरच दिसला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो जुनं काढण्यात. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या झुलत्या कडीचे) बोल्ट बुशच्या, म्हणजे पाट्याच्या टोकातल्या रबरी बाहीच्या, आतल्या लोखंडी नळीत असे जाम झाले होते की नट निघाला तरी बोल्ट हलेना. पान्ह्याला पाइप लावून जोर दिला की बोल्टबरोबर नळी फिरायची, नळीबरोबर रबर पिळवटायचं, आणि हात सैल केला की सगळं परत जागेवर. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारलं. चार चाकांचे मिळून १२ बोल्ट, त्यातले सात सुटले, पाच ग्राइंडरने कापले. गॅसने तापवायचा विचार मनात येतो, पण रबर पेटतं, आणि ब्रेकचे पाइप व इंधनाची टाकी तिथून फार लांब नसतात. मी ते केलं नाही, तुम्हीही करू नका. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरणं तर कधीच नको. चेसिसखाली भक्कम स्टँड लावूनच काम करा.

पाटे निघाल्यावर खरी दुखरी जागा सापडली. मागच्या ज्या ब्रॅकेटला पाटा टांगायचा, तो हातोडीने वाजवला तर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला. स्क्रू-ड्रायव्हर दाबला, तो आरपार गेला. नवे पाटे समोर तयार होते, पण या ब्रॅकेटवर ते टांगणं म्हणजे धोका होता. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून नवी पट्टी वेल्डिंग करून घेतली, वर जस्ताचा प्रायमर. काम चार दिवस लांबलं. म्हणून पार्ट मागवण्याआधी चेसिस ठोकून बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

बोल्ट नवेच घ्या. गंजत नाहीत म्हणून स्टेनलेसचे लावावेत असं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण बाजारात सहज मिळणारा स्टेनलेसचा ए२-७० प्रतीचा बोल्ट ७०० मेगापास्कल ताणाचा, आणि साधा पोलादी ८.८ प्रतीचा ८०० चा. शिवाय ओल राहिली की स्टेनलेसच्या शेजारचं साधं लोखंड जास्त लवकर गंजतं. मी जस्त चढवलेले ८.८ आणि १०.९ लावले, गाडीच्या माहितीपुस्तिकेत जिथे जी प्रत दिली होती तीच. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट एकदा ताणलेले परत वापरत नाहीत, तेही नवे.

माझी चूक पुढच्या उजव्या बाजूला झाली. चाक हवेत असतानाच बुशचे बोल्ट पूर्ण आवळले. रबराचा बुश नळीला चिकटलेला असतो. लटकत्या स्थितीत आवळला की गाडी खाली टेकल्यावर तो कायम पिळलेलाच राहतो. चौथ्या महिन्यात करकर सुरू झाली. बघितलं तर रबर एका बाजूने ओठासारखं उघडलं होतं आणि भोवती काळी भुकटी. बाकी तीन चाकांचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून आवळले होते, ते बुश आजही घट्ट आहेत. एका बुशसाठी पुन्हा सगळी बाजू उघडावी लागली, याचं वाईट वाटलं.

५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्ह्याने) तपासले. सगळेच नट थोडे थोडे फिरले. हे टाळू नका, पाटे बसताना ते सैल होतातच.

गाडीचा बसका गेला. दोन बाजूंत आता ५ मिलिमीटरचा फरक आहे, तो मी तसाच ठेवलाय. जास्त उंच, कडक पाटे घेतले नाहीत याचं समाधान आहे. रिकाम्या गाडीतही मागची सीट सुखाची झाली आहे. पावसाळ्यानंतर चाकांमागे खडी उडते तिथलं गंजरोधक मेण घासून गेलं होतं, तेवढं पुन्हा मारलं. दोन बोल्टांवर पांढरी भुकटी दिसते. ते जस्त झिजतंय, आतलं लोखंड शाबूत आहे.

बसवताना बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीस लावलं होतं, आटे कोरडे ठेवून, म्हणजे टॉर्क चुकू नये. परवा गाडी स्टँडवर घेऊन, पाट्याला आधार देऊन, मागच्या डाव्या शॅकलचा एक बोल्ट मुद्दाम सोडून पाहिला. आधी ग्राइंडरने कापावा लागलेल्या पाचांतली हीच जागा. नट सुटला, आणि बोल्ट दोन बोटांनी बाहेर आला, अंगावर ग्रीसचा पातळ थर तसाच.